कंकणगौरीचा पाचवा अध्याय

अध्याय पहिला

"लेखकाचं नाव काय घालू?" मी विचारलं.

अण्णा प्रुफं तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "कशाच्या?"

"कंकणगौरीच्या. ही चौकट भरल्याशिवाय वेबसाईट पुढं जाऊ देत नाही."

"मोकळी सोड."

"सोडली. लाल होतीय."

"होऊ दे. थोड्या वेळानं उतरेल."

पुढच्या दुकानात काकू एका बाईच्या हातात बांगड्या भरत होती. काचेची किणकिण मधेच थांबली. मला वाटलं, बाईच्या हाताला लागलं असेल.

"अण्णा, ही उतरत नाही. ई-बुक विकायचं तर लेखक पाहिजे."

"पोथी आहे ती. पोथीला कुठला आलाय लेखक? मुखपृष्ठावर काय छापलंय आपण?"

"प्राचीन पोथीवरून."

"मग तेच घाल."

मी घातलं. नाव: प्राचीन. तर खाली आडनावाची चौकट लाल झाली. तिच्यात टाकलं: परंपरा. दोन्ही चौकटी हिरव्या झाल्या. पुढच्या दुकानात किणकिण पुन्हा सुरू झाली. जरा वेळानं मेल आली.

"आदरणीय प्राचीन परंपरा, आपले स्वागत आहे. आजपासून आपण आमच्या लेखक परिवारात आहात. कृपया आपले छायाचित्र पाठवावे."

मी उज्ज्वला अंधारे. आमच्या संस्थेचं नाव अंधारे प्रकाशन. हसून घ्या, बार्शी गेली कित्येक वर्षं हसतेच आहे. आम्ही जातीचे कासार. पुढं बांगड्यांचं दुकान, मागच्या खोलीत प्रकाशन, वर बिऱ्हाड. वडील गेल्यावर आई आणि मी या बिऱ्हाडात आलो. पुण्यात कॉम्प्युटरचा कोर्स करून मी मागच्या खोलीत खुर्ची टाकली, त्या खुर्चीची ही गोष्ट. तिलाही आता दहा-बारा वर्षं झाली.

अण्णा म्हणजे माझे काका. ते तालुक्यातल्या कवींच्या कविता छापायचे, ज्वारीच्या जुन्या वाणांवर, पडलेल्या गिरण्यांवर पुस्तकं काढायचे. ती पुस्तकं खोलीतच राहायची. त्यांना उंदीरसुद्धा कंटाळले होते. खपायचं एकच. पिवळ्या मुखपृष्ठाची, दोन टाचण्या मारलेली, बत्तीस पानांची 'श्री कंकणगौरी व्रतकथा'. आषाढातले शुक्रवार धरायचे, रोज कथा वाचायची, आणि शेवटच्या शुक्रवारी सात सुवासिनींना बांगड्या आणि या पोथीची एकेक प्रत वाण म्हणून द्यायची. म्हणजे एक बाई आली की एक प्रत तिची आणि सात वाणाच्या. असा वाचक कुठल्या कादंबरीकाराच्या नशिबी नाही. त्या पिवळ्या पोथीच्या जिवावर ज्वारी, गिरण्या आणि कवी जगत होते. मीही.

त्या वर्षी सोलापूरचे गुळवे मागं लागले होते. पूजेच्या पुस्तकांचा त्यांचा मोठा व्यापार. त्यांना कंकणगौरी विकत पाहिजे होती. अण्णांनी सांगितलं होतं, "यंदाचा आषाढ बघू. ई-बुक चाललं तर ठेवू. नाही चाललं तर देऊन टाकू, आणि मागच्या खोलीत बांगड्यांचा माल भरू."

मागची खोली म्हणजे माझी खुर्ची. ती ठेवायची की उचलायची, हे आता प्राचीन परंपरा ठरवणार होत्या.

अध्याय दुसरा

आषाढाच्या तोंडावर मी दुकानात बसून एकेका बाईला ई-पोथी समजावून सांगत होते. बायका हात काकूपुढं करायच्या आणि कान माझ्याकडं. हात अडकलेला असल्यामुळं पळता येत नसे. ही विक्रीची पद्धत मला फार आवडली.

सगळ्यांत आधी निर्मलाताई ठोंबरे सापडल्या. भजनी मंडळाच्या अध्यक्षा. गल्लीत त्यांनी एखादं व्रत धरलं की ते सगळ्या गल्लीला धरावं लागे.

"मोबाईलवर पोथी," त्या म्हणाल्या. "आणि तो मोबाईल घेऊन माणूस कुठं कुठं जातं."

"तुम्ही नेऊ नका ना."

"मी कशाला नेते? ठोंबरे नेतात. स्वतःचा चार्जिंगला लावतात आणि माझा नेतात. अर्धा अर्धा तास."

काकू हसली. "बोटं मिटा, निर्मलाताई. हसलात की हात फुगतोय."

अण्णा मागच्या खोलीतून आले. नव्या गोष्टीची बाजू घ्यायला म्हणून आले की ते नेहमी उलट्या बाजूनं बोलत. "पोथीला हळदकुंकू वाहतात," ते म्हणाले. "मोबाईलला वाहिलं तर वॉरंटी जाईल."

"हळदकुंकू बाजूला ताटलीत वाहा," मी म्हणाले. "मोबाईलवर फक्त फूल."

"आणि मधेच जावयाचा फोन आला म्हणजे?" निर्मलाताईंनी विचारलं.

"विमानाचं चित्र असतं तिथं दाबायचं. मग कुणाचाच येत नाही."

"सासूचापण?"

"कुणाचाच नाही."

हे मात्र त्यांना पटलं. उजवा हात भरून झाला होता. त्यांनी तो माझ्यापुढं केला. "दाखव."

मी माझा मोबाईल पाटावर ठेवला, पोथी उघडली. काकूनं गणपतीपुढचं जास्वंदीचं फूल काढून दिलं. निर्मलाताईंनी ते हलकेच मोबाईलवर ठेवलं. फूल ओलं होतं. पडद्यावर घसरलं, आणि पान उलटलं.

निर्मलाताईंनी हात जोडले.

"देवीनं पान उलटलं," निर्मलाताई म्हणाल्या.

मी तोंड उघडलं. ओल्या फुलाचा आणि पडद्याचा काय संबंध असतो ते मला पुण्यात शिकवलं होतं. काकूनं निर्मलाताईंचा डावा हात हातात घेत माझ्याकडं असं पाहिलं की मी तोंड मिटलं.

"मला घालून दे," निर्मलाताई म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता."

आमची पहिली ई-प्रत खपली. अण्णांनी पेढे आणायला पैसे काढले आणि पुन्हा खिशात ठेवले. म्हणाले, "दुसरी खपली की आणू."

अध्याय तिसरा

दुसरी खपली नाही.

पहिला शुक्रवार गेला. वेबसाईटवर प्राचीन परंपरा यांच्या नावापुढं एकच प्रत दिसत होती. मी पान पुन्हा पुन्हा उघडलं. एकच. शनिवारी सकाळी मोबाईल वाजला. शाळेतली मैत्रीण, आता लातूरला असते. बऱ्याच वर्षांनी तिचा निरोप.

"।। श्री कंकणगौरी प्रसन्न ।। आपणांस वाण पाठवत आहे. हळदकुंकू आपल्या घरचं लावून घ्यावं. पोथी खाली जोडली आहे. पासवर्ड कंकण. पासवर्ड टाकण्याआधी हातपाय धुवावेत. पुढं सात जणींना पाठवावी."

खाली आमची पोथी. मीच केलेली. मीच कुलूप घातलेली.

दुपारपर्यंत तीच पोथी मला मावशीकडून आली, दूधवाल्याच्या बायकोकडून आली, पुण्यातल्या माझ्या जुन्या घरमालकिणीकडून आली. मग खुद्द निर्मलाताईंकडून आली. मी उठून त्यांच्या घरी गेले.

"ताई, हे असं पाठवायचं नसतं."

त्या लसूण सोलत होत्या. "असं कोण म्हणतं?"

"कायदा म्हणतो. एकीनं विकत घेतलं तर एकीनंच वाचायचं."

"बरं. आणि सात जणींना द्या, असं कोण म्हणतं?"

मी लसणाची एक पाकळी उचलून सोलायला घेतली.

"तुमचीच पोथी. पान एकतीस. 'जी ही कथा सात जणींच्या हाती देईल तिचं कंकण अखंड राहील.' मी दिली. त्या सात जणींनी पुढं दिली. आता कायद्याचं ऐकू का देवीचं, ते तू सांग. नाहीतर असं कर, काकूला विचारून ये."

मी निघाले, तर मागून हाक आली. "तुला आमच्या मंडळाकडून येईलच अजून. नको म्हणू नये. वाण आहे."

त्या आठवड्यात परंड्याहून, वैरागहून, कुर्डुवाडीहून फोन आले. सगळे आमचे पाहुणे, सगळे कासार. आमची पोथी पूजेच्या दुकानांतून विकली जायची तशी त्यांच्या दुकानांतूनही. सगळ्यांचं एकच म्हणणं. बायका बांगड्या भरतायत, पोथी घेत नाहीत. मोबाईल दाखवतायत. गठ्ठे परत पाठवू का?

अण्णांनी फोन ठेवला. "पोथीनंच आपल्याला लुटलं," ते म्हणाले. "एक वाक्य. पान एकतीस. इतकी वर्षं त्या वाक्यानं पदरात घातलं आणि आता व्याजासकट उचलून नेलं."

"वाक्य बदलू या," मी म्हणाले.

"पोथीचं वाक्य? पाप लागेल."

"कुणाला?"

ते पुढच्या दुकानाकडं बघत राहिले.

अध्याय चौथा (अपुरा)

गुळवे आले ते पेढे घेऊन. हसतमुख माणूस. पुस्तक हातात घेतलं की उघडून बघायचे नाहीत, तळहातावर तोलून बघायचे. कागद किती, भाव किती, त्यांना तेवढ्यावर कळायचं.

"अण्णासाहेब, पोथी विकत घ्यायला आलो होतो. गाडीत बसल्या बसल्या विचार बदलला."

"का?"

"बायकोच्या मोबाईलवर आली. फुकट." त्यांनी पिवळी पोथी उचलून तोलली आणि मुखपृष्ठावर बोट ठेवलं. "आणि हे बघा. प्राचीन पोथीवरून. तुम्हीच छापलंय. प्राचीन म्हणजे कुणाचीच नाही. मग मी विकत कशाला घेऊ? पुढच्या आषाढापासून मीपण छापतो. रंगीत मुखपृष्ठ, पूजेच्या दुकानांतून."

"असं कसं छापाल?" मी म्हणाले.

"लेखक असेल तर सांगा ना ताई. मी आत्ता त्यांच्या पाया पडतो, हक्क रीतसर विकत घेतो. आहे का लेखक?"

अण्णांच्या ओठांवर काहीतरी आलं. मी ते येताना पाहिलं. त्यांनी पुढच्या दुकानाकडं मान वळवली. काकू रिकाम्या दुकानात बांगड्यांच्या जुड्या लावत होती. तिनं मान हलवली. अगदी जराशी. नाही.

"नाही," अण्णा म्हणाले. "प्राचीन आहे."

"मग झालं की. पेढे घ्या."

गुळवे गेल्यावर अण्णांनी पेढे बाजूला सारले. मग उठून दुकानात गेले. मी मागं गेले.

"सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?" त्यांनी काकूला विचारलं.

"काय सांगायचं?"

"नाव."

"पोथीवर शकुंतला अंधारेचं नाव घाला, आणि बघा कोण उपास धरतंय ते. नाव आलं की गोष्ट झाली. गोष्ट वाचतात आणि ठेवून देतात. सात जणींना कुणी वाटत नाही."

मी जिन्याच्या पायरीवर बसले. "काकू. म्हणजे ती पोथी..."

"मी लिहिली," काकू म्हणाली, एखाद्या भाजीत गूळ मीच घातला असं सांगावं तसं. "नवी सून होते. मामंजींनी बांगड्यांची मोठी पेटी उचलली होती, स्वस्तात मिळाली म्हणून. आषाढ लागला. लग्नं बंद. दुकानात बाई फिरकेना. मामंजी पेटीवर बसून असायचे, कोंबडी अंड्यावर बसते तसे. मी म्हटलं, आपल्या बोलावण्यानं येत नाहीत, तर देवीच्या बोलावण्यानं येतील. ज्या कागदात बांगड्या गुंडाळून येतात त्याच कागदावर लिहिली. दुपारची."

"आणि अण्णा?"

"हे तेव्हा छापखान्यात खिळे जुळवायचे. छापून आणली. पेटी आषाढातच संपली. मग ह्यांना वाटलं आपण प्रकाशक झालो."

अण्णा म्हणाले, "झालोच होतो."

मला बरंच काही आठवत होतं. आषाढातल्या प्रत्येक शुक्रवारी काकू घासभरही न खाता दुकानात बसायची ते आठवत होतं. "पण तू स्वतः उपास धरतेस."

"मग? लिहून नाही का ठेवलंय मी?"

ती उठली, हात पुसले, गिऱ्हाइकाची गादी झटकून तिच्यावर बसली आणि मला म्हणाली, "गुळव्यानं माझी पोथी उचलली, बायकांनी मोबाईलवरून पळवली, आणि हे म्हणतायत वाक्य बदललं तर पाप लागेल. वाक्य नाही बदलायचं. पुढं लिहायचं. पोथीत किती अध्याय आहेत?"

"चार."

"आण तुझं ते यंत्र."

अध्याय पाचवा

कंकणगौरीबाई, तुझी पुढची कहाणी अशी. नगरात एक सावकारीण होती. तिनं व्रत धरलं. शेवटचा शुक्रवार आला. सावकारीण म्हणाली, सात घरी कोण जाणार, माझे पाय दुखतात. तिनं वाऱ्याला बोलावलं. वाऱ्या वाऱ्या, माझं वाण पोचवून ये. वारा सात घरी गेला, वाण सांगून आला. दिलं नाही, सांगून आला. त्या सात जणींनी वाऱ्याकरवी आणखी सात जणींना सांगितलं. त्यांनी आणखी सात जणींना. सगळ्या नगराला वाण पोचलं, आणि कुणाच्याच हातात काही आलं नाही.

देवी हसली. म्हणाली, जसं दिलंस तशी पावेन.

दुसऱ्या दिवशी सावकारणीनं कोठीत हात घातला. आतून 'धान्य, धान्य' असा आवाज आला. धान्य आलं नाही. हंडा उचलला, खळखळ ऐकू आली, पाणी आलं नाही. आरशात पाहिलं, कोपरापर्यंत हिरवा चुडा. हाताकडं पाहिलं, हात मोकळा. संध्याकाळी दारात 'आई, आले गं' असं ऐकू आलं. धावत गेली. दारात लेक नव्हती. नुसतं 'आले गं' होतं.

सावकारीण उंबऱ्यावर बसून रडू लागली. तिथून एक कासारीण चालली होती. डोक्यावर पेटी. म्हणाली, बाई, हात पुढं कर. सावकारणीनं हात पुढं केला. कासारणीनं बांगडी चढवली. काचेचा थंडगार स्पर्श झाला तेव्हा सावकारणीला कळलं, हे खरं आहे.

कासारीण म्हणाली, कहाणी वाऱ्यावर जाते, तिला कोण अडवणार. जाऊ दे. ऐकील तिचं भलं होईल. पण वाण हातानं द्यावं. पोथी कागदाची द्यावी. ज्या हातानं बांगड्या भरल्या, त्याच हातातून ती घ्यावी, दुसऱ्या दुकानातून घेऊ नये. सात बायकांना द्यावी, आणि देताना त्यांच्या घरचं पाणी प्यावं.

सावकारणीनं तसं केलं. सातव्या घरचं पाणी पिऊन परत आली, तर कोठीत धान्य होतं, हंड्यात पाणी होतं, आणि चुलीपुढं लेक भाकरी थापत बसली होती. म्हणाली, किती गं उशीर केलास.

अध्याय चौथ्याचा राहिलेला भाग

काकूनं हे मधे एकदाही न थांबता सांगितलं. मी टाईप करत होते. अण्णा भिंतीला टेकून उभे होते. त्यांना दुरुस्ती केल्याशिवाय राहवत नाही.

"सात बायकांना असं झालंय," ते म्हणाले. "सुवासिनींना पाहिजे. सुवासिनी राहिलं."

"राहिलं नाही. काढलं."

"अगं, पण..."

"बांगडीला काय कळतंय कोण सुवासिनी आणि कोण नाही? तिला माप कळतंय."

जिन्यावर, माझ्या पाठीमागं, आई उभी होती. हातात चहाचे कप. कधीपासून उभी होती कोण जाणे. तिनं कप खाली ठेवले आणि वर निघून गेली.

अण्णांनी चष्मा काढला, पुसला. परत लावून म्हणाले, "खपही वाढेल."

"तेच म्हणते मी," काकू म्हणाली.

मी पाचवा अध्याय जोडून ई-पोथी पुन्हा वेबसाईटवर चढवली. या वेळी कुलूप घातलं नाही, किंमतही ठेवली नाही. मग निर्मलाताईंना पाठवली. पाठोपाठ त्यांचा फोन.

"उज्ज्वला, हा पाचवा अध्याय कुठनं आला?"

"मिळाला."

"कुणाला मिळाला?"

"काकूला."

पलीकडं विचार चालला होता. 

"शकूवहिनींना मिळाला ना," त्या म्हणाल्या. "मग बरोबर असणार. त्या फार कडक पाळतात."

तास-दोन तासांत तो मला लातूरहून परत आला. संध्याकाळी पुण्याहून. वर एक ओळ वाढली होती: "ज्यांनी आधी नुसतं वाऱ्यावर पाठवलं आहे त्यांनी कृपया कोठी तपासावी."

तिसऱ्या शुक्रवारच्या आधी परंड्याचा फोन आला. गठ्ठे परत पाठवले नव्हते ते बरं झालं, आता अजून पाठवा. मग वैराग. मग कुर्डुवाडीचे पाहुणे स्वतःच आले आणि दारात बसून राहिले. अण्णा छापखान्यात ठाण मांडून बसले. छापलेले कागद आमच्या घरी यायचे, घडी घालायला मी, टाचण्या मारायला आई. निर्मलाताई मंडळासकट आल्या, हात भरून घेतले, पोथ्या घेतल्या. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तू कायदा कायदा करत होतीस. कायद्यानं काय झालं असतं? असं सांगावं लागतं."

शेवटच्या शुक्रवारी काकूनं स्वतःचं वाण काढलं. सात पोथ्या, सात डझन. पहिलं वाण घेऊन ती दुकानाबाहेर पडली नाही, जिना चढून वर गेली. बराच वेळ वरून काही ऐकू आलं नाही. मग काचेची किणकिण आली.

अण्णा प्रुफं तपासत होते. त्या पानावर त्यांनी एकही खूण केली नाही.

फलश्रुती

माझी खुर्ची राहिली. गिरण्यांची दुसरी आवृत्ती निघाली, तिचंही ई-बुक केलं. ते कुणीच कुणाला पाठवलं नाही. प्रती आहेत, हव्या असल्यास कळवा.

पुढच्या आषाढात गुळव्यांनी ठरवल्याप्रमाणं कंकणगौरी काढली. गुळगुळीत मुखपृष्ठ, देवीच्या मुकुटावर चमकी, वर पट्टी: "पाचव्या अध्यायासह संपूर्ण." पूजेच्या सगळ्या दुकानांत थप्प्या लागल्या. अण्णांनी एक प्रत विकत आणली आणि मागच्या खोलीत वाचायला बसले. थोड्या वेळानं आतून विचित्र आवाज यायला लागला. मी धावत गेले. अण्णा हसत होते. चष्मा टेबलाखाली पडला होता. त्यांना बोलता येईना, त्यांनी नुसतं पान पुढं केलं.

"ज्या हातानं बांगड्या भरल्या, त्याच हातातून ती घ्यावी, दुसऱ्या दुकानातून घेऊ नये."

सुबक छापलं होतं. एकही चूक नव्हती.

"वाचलं नाही त्यांनी," मी म्हणाले.

"तोललं असेल," अण्णा म्हणाले.

गुळव्यांच्या पोथ्या बायका हातात घ्यायच्या, उभ्या उभ्या पाचवा अध्याय वाचायच्या, थप्पीवर परत ठेवायच्या आणि कासाराचं दुकान कुठं आहे ते विचारायच्या.

शेवटच्या शुक्रवारच्या आदल्या दिवशी आमच्या दारात एक मोटार थांबली. मागच्या दारातून एक ठेंगणी, घामेजलेली बाई उतरली. पुढच्या दारातून गुळवे उतरले आणि रस्त्यापलीकडच्या चपलांच्या दुकानातल्या चपला बघत उभे राहिले.

बाई गादीवर बसली. "सोलापूरहून आले," ती म्हणाली. "आठ पोथ्या पाहिजेत. सात वाणाच्या, एक माझी."

"सोलापुरात मिळतात की," काकू म्हणाली. "छान छापल्यात. चमकी लावून."

"घरात खोल्या भरून आहेत." बाईनं रस्त्यापलीकडं पाहिलं. "मी यांना म्हटलं, अहो, तुमच्याच पोथीत लिहिलंय तुमच्याकडून घेऊ नका म्हणून. तर म्हणाले, कुठं लिहिलंय? मी वाचून दाखवलं. दोन दिवस जेवले नाहीत नीट. आज म्हणाले, चल, तुला सोडतो."

"त्यांना आत बोलवा. चहा ठेवते."

"नाही यायचे. लाजलेत."

काकूनं तिचा हात आपल्या हातात घेतला, बोटांची पेरं दाबून पाहिली. "दोन-सहाचं माप," ती म्हणाली. "हात सैल सोडा. घाई नाही ना?"

"नाही. या एका कामालाच आलेय."

हिरव्या बांगड्या एकेक चढू लागल्या. तेवढ्यात मागच्या खोलीत माझा कॉम्प्युटर वाजला. वेबसाईटची मेल होती. मी मोठ्यानं वाचली.

"आदरणीय प्राचीन परंपरा, आपले पुस्तक यंदा आमच्याकडे सर्वाधिक लोकांनी उतरवून घेतले आहे. वाचकांसाठी आपली मुलाखत घेण्याची इच्छा आहे. आपण आता बोलू शकता का?"

गुळव्यांच्या बायकोनं विचारलं, "कोण हो ह्या?"

"आमच्याकडं असतात," काकू म्हणाली. तिनं शेवटची बांगडी चढवली, दुसरा हात पुढं ओढला आणि दाराकडं न बघता मला सांगितलं, "उजे, त्यांना कळव. बाईंचा हात गुंतलाय म्हणावं, नंतर बोला."